डीपीवरचा टॉवेल

प्रभुभोजनाचं ताट आमच्या बाकापर्यंत आलं तेव्हा माझ्या नवऱ्यानं भाकरीचा तुकडा घेतला नाही. ताट हातात धरलं, जरा वेळ त्याच्याकडं बघितलं आणि माझ्याकडं सरकवलं. मी घेतला, कारण नवऱ्याशी भांडायची ती जागा नव्हती. धाराशिवच्या आमच्या चर्चच्या मंडळीत माणसं मोजकी. कोण आलं नाही, कोण उशिरा आलं, कुणाच्या डोक्यावर पदर नाही, सगळ्यांना सगळं दिसतं. तेव्हा शलमोननं ताट पुढं सरकवलेलंही आजूबाजूच्या बाकांनी मान न वळवता बघितलं.

ज्याचं मन साफ नाही त्यानं प्रभुभोजन घेऊ नये, असं आमच्यात शिकवतात. शिकवतात, पण इतकं मनावर कोण घेतो? वर्षभर एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा शेजारीशेजारी बसून घेतात. म्हणूनच जो घेत नाही त्यानं काहीतरी मोठं केलेलं असणार, असा सगळ्यांचा कयास होतो. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी दारात शलमोनचा हात हातात घेतला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "पित्त झालंय त्यांना," मी म्हटलं. देवळाच्या दारात मी सरळ खोटं बोलले आणि गाडीवर जाऊन बसले.

बेंबळीच्या पुढं आमच्या गावाचा फाटा लागतो. तिथं त्यानं गाडी थांबवली, स्टँडवर लावली आणि माझ्याकडं न बघता बोलला, "प्रेमा, त्या दिवशी हँडल म्या टाकलं."

कुठलं हँडल, असं मी विचारलंसुद्धा. मग मला व्यंकट आठवला.

व्यंकट आमच्या गावचा झिरो वायरमन. म्हणजे वीज कंपनीच्या कागदावर नसलेला आणि गावाला रोज लागणारा माणूस. खांबावर चढायच्या आधी तो डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीचं, हँडल खाली ओढून लाईट बंद करायचा आणि हँडलला आपला टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की माणूस वर आहे, हँडलला हात लावायचा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. अडचण एवढीच की व्यंकट विसराळू. काम संपवून खाली यायचा, गप्पा मारत निघून जायचा आणि टॉवेल तिथंच. मग ज्याला लाईटची घाई असेल तो टॉवेल सोडायचा, हँडल वर टाकून लाईट चालू करायचा आणि जाता जाता टॉवेल त्याच्या घरी देऊन यायचा. त्याची आई, सत्यभामाकाकू, म्हणायची, "माझ्या लेकापरीस त्याचा टॉवेलच गावात जास्त फिरतो." सगळं हसण्यावारी चाललं होतं.

आमची पिठाची गिरणी आहे. दीड वर्षापूर्वी दिवाळीच्या तोंडावर गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. चकलीची भाजणी, लाडवाची डाळ, डब्यांच्या रांगा आणि बायकांची कटकट. गावाची दिवाळी आम्हा ख्रिस्ती माणसांच्या गिरणीवर अडलेली, आणि लाईट नाही. शलमोन डीपीपाशी गेला. टॉवेल बांधलेला होता, पण व्यंकटची मोटारसायकल कुठं दिसेना. ती त्याच्या चुलतभावानं नेली होती, हे नंतर कळलं. गडी टॉवेल विसरून गेला पुन्हा, असं शलमोनला वाटलं. त्यानं टॉवेल सोडून खांद्यावर टाकला आणि हँडल टाकलं. लिंबाच्या झाडांमागच्या खांबावरून ओरडणं ऐकू आलं.

इथवर कुणाच्याही हातून झालं असतं. माझ्याही. पण त्यानं हँडल खाली ओढलं, टॉवेल पुन्हा होता तसा बांधला आणि मग खांबाकडं पळाला.

सगळ्यात आधी तोच पोचला. व्यंकटचं डोकं मांडीवर घेऊन जीपमधून तोच दवाखान्यात गेला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला, पण जीव वाचला. गावानं बघितलं तर हँडल खाली, टॉवेल जागेवर. कुणाच्या तरी इन्व्हर्टरचा करंट उलटा आला असणार, असं ठरलं. खुद्द व्यंकट म्हणाला, "कामाआधी तारा शॉर्ट करून घ्यायच्या असत्यात, ते न करताच हात घातला म्या. माझीच चुकी." आणि शलमोन देवमाणूस ठरला.

"परत बांधला?" मी फाट्यावर विचारलं. "टॉवेल परत बांधला तुम्ही?"

"हातच बांधत हुते," तो म्हणाला.

मला त्याचा इतका राग आला की त्याच्या गाडीवर बसायची इच्छा होईना. पण फाट्यावरून गाव लांब, आणि ऊन चढलेलं. मी बसले. सबंध रस्ताभर मला एकच भीती होती, आणि ती देवाची नव्हती. गावात आमची ख्रिस्ती घरं तीन. गिरणी गावाच्या जिवावर. व्यंकटला हे कळलं तर काय होईल?

इतके दिवस हा माणूस गप्प बसला, मग आत्ताच काय झालं, हेही मी विचारलं. झालं होतं ते असं. आधल्याच आठवड्यात व्यंकटच्या पोरीचं बारसं होतं. आरोही नाव ठेवलं. पाळण्यातून काढून पोरगी कुणाच्या मांडीवर द्यायची, म्हणून आत्या पुढं आली, तर व्यंकट म्हणाला, "पयलं शलमोनदादाच्या. ते नसते तर ही नसती." त्यानं एका हातानं पोर उचलून माझ्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. मी तिथंच होते. शलमोनला घाम फुटला होता. मला वाटलं, गर्दीनं.

आपली माणसं असावीत म्हणून मी शलमोनच्या भावाला फोन केला. चूक केली. दाविद कळंबला असतो, तिथं पत्र्याच्या शेडमध्ये प्रार्थनासभा चालवतो. दर रविवारी कीबोर्ड, ड्रम आणि भोंगा. त्यानं बहिणीला कळवलं. आम्ही प्रोटेस्टंट, पण माझी नणंद करुणा लातूरला कॅथलिक घरात दिलेली. लग्नानंतर ती पक्की कॅथलिक झाली, आमच्यातल्या कुणापेक्षाही पक्की. त्यांचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू होता, म्हणून तिनं येताना खाऊही आणला नाही. आणि पाळकसाहेब तर पित्ताची चौकशी करायला म्हणून आपण होऊनच आले. असे तिघं एकाच दुपारी माझ्या घरात बसले आणि मी चहा करत राहिले.

शलमोन बसलाच नाही. गिरणीतून घरात, घरातून गिरणीत. पट्टा बघून आला, परत गेला, पुन्हा पट्टाच बघून आला.

पाळकसाहेब फार सज्जन माणूस. ते हळूच म्हणाले, "शलमोनभाऊ, क्षमा ही कमवायची गोष्ट नाही. ख्रिस्तानं वधस्तंभावर आपल्या पापाची शिक्षा भोगली. पूर्ण भोगली. तुम्ही फक्त विश्वास धरायचा. त्यात आपली भर घालायला जाणं हा अहंकार आहे."

"माफी मिळती, त्याला न्हाय कोण म्हणतंय?" करुणा म्हणाली. "पण मोडलेलं मोडलेलंच राहतं की, पाळकसाहेब. आमचे फादर सांगत्यात, दुसऱ्याची भिंत पाडलीस तर देव माफ करील, पण भिंत तुलाच बांधावी लागंल. दादा, फादरपुढं जाऊन तोंडानं बोल. मनातल्या मनात बोललेलं माणूस स्वतःच खोडतंय. ते सांगतील ते प्रायश्चित्त कर."

"म्हणजे वधस्तंभ अपुरा पडला?"

"तो न्हाय पडला अपुरा. आपुन पडतो."

दाविदला एवढं सावकाश बोलणं सोसत नाही. "मुळात पाप हाय कुठं ह्यात?" तो म्हणाला. "दादाला ठावंच न्हवतं गडी वर हाय म्हणून. हा सैतान हाय, दोष लावायचा त्याचा धंदाच हाय. दादा, रविवारी कळंबला ये, सभेत साक्ष दे. प्रभूच्या रक्तानं धुतलं की धुतलं. मागं वळून बघायचं न्हाय."

शलमोन उंबऱ्यात उभा होता. "हँडल नकळत टाकलं," तो म्हणाला. "टॉवेल कळून बांधला."

तेवढ्यात मी कपबशा खाली ठेवल्या आणि विचारलं, "ते सगळं असू द्या. व्यंकटला सांगायचं का नाही, तेवढं सांगा."

आणि काय सांगू, इतका वेळ एका वाक्यावर एक न झालेली ही तीन माणसं तिथं एक झाली. पाळकसाहेब म्हणाले, "प्रेमाबाई, सत्य बोलावंच. पण वेळ पाहून. पोलीस, केस, आपली तीन घरं." दाविद म्हणाला, "जगाच्या लोकांना ह्यातलं काय कळतंय?" करुणा म्हणाली, "फादरपुढं बोललेलं बाहेर जात न्हाय, हे त्यातलं बरं हाय." सगळ्या पंथांची एकी व्हावी म्हणून आमच्यात दरवर्षी प्रार्थना करतात. ती माझ्या ओट्यासमोर झाली. मला हसू आलं नाही, कारण मलाही तेच हवं होतं. त्यांचं ऐकून माझा जीव भांड्यात पडला, हे कबूल करते.

पुढचे काही आठवडे शलमोननं तिघांचंही ऐकलं. कळंबच्या सभेत माईक हातात घेऊन त्यानं साक्ष दिली, म्हणजे एवढंच म्हणाला की माझ्या हातून मोठं पाप झालं आणि प्रभूनं मला क्षमा केली. काय पाप ते सांगितलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ड्रमवाल्यानं ताल धरला, दाविदच्या डोळ्यांत पाणी आलं. परतीच्या एसटीत मी विचारलं, "हलकं वाटतंय का?" तो म्हणाला, "ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचं माझ्यामुळं काय गेलंय?"

लातूरला जाऊन तो करुणाच्या फादरनाही भेटून आला. तू आमच्यातला नाहीस, तेव्हा पापनिवेदनाचा संस्कार देता येणार नाही, पण बस, बोल, म्हणून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. परत आल्यावर तो दर शुक्रवारी उपाशी राहू लागला. व्यंकटच्या रानात ज्वारी उपटायला गेला. एका हातानं ज्वारी उपटता येत नाही, हे त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. तळहाताला फोड आले तरी थांबला नाही. त्यांच्या दळणाचा डबा स्वतः डोक्यावरून पोचवू लागला. पण ह्याचा परिणाम उलटाच. सत्यभामाकाकू माझ्याकडं येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायची. "तुझ्या नवऱ्यासारखा माणूस न्हाय गं गावात." तो घरी आल्यावर मी हे सांगितलं की जेवणावरून उठायचा.

"प्रायश्चित्त कराय जावं तर पुण्य पदरात पडायलंय," तो एकदा म्हणाला. "हे कसलं प्रायश्चित्त?"

त्याचं कशात चित्त राहीना. एका बाईच्या गव्हात मिरचीचा चुरा राहिला, तिनं अख्खी गल्ली डोक्यावर घेतली. रात्रभर अंगणात फेऱ्या, दिवसा डोळे तांबडे. मी त्याला सांगू नका, सांगू नका म्हणत होते, आणि दुसरीकडं एकदाचं सांगून टाका असं मनात म्हणत होते. दोन्हीही मीच. पाळकसाहेबांचा फोन आला की तो म्हणायचा, विश्वास हाय, साहेब, देवानं माफ केलं ह्यावर माझा पूर्ण विश्वास हाय. आणि फोन ठेवून पुन्हा पट्टा बघायला जायचा.

पुनरुत्थानाचा रविवार, म्हणजे ईस्टर, दोन दिवसांवर आला तेव्हा तो सकाळी उठून अंघोळ करून म्हणाला, "म्या जातो." कुठं ते मी विचारलं नाही. चपला घातल्या आणि मागं गेले.

व्यंकट गोठ्यात म्हशीपुढं कडबा टाकत होता. डाव्या हातानं पेंढी उचलायची, गुडघ्यानं दाबायची, दातानं आळ्याची गाठ सोडायची. आता सवय झालेली. आम्हाला बघून त्याचं तोंड हसरं झालं. शलमोननं बसायच्या आधीच सांगितलं. हँडल, खांद्यावर टाकलेला टॉवेल, ओरडणं, परत बांधलेली गाठ. काही गाळलं नाही. नकळत झालं, असंही म्हणाला नाही. माफ कर, एवढं शेवटी म्हणाला.

व्यंकटनं हातातली पेंढी खाली ठेवली.

"बरं," तो म्हणाला.

मी पदराचं टोक मुठीत धरून उभी होते. शिव्या येतील, दगड येईल, गाव गोळा होईल, ह्या सगळ्याची मी तयारी केली होती. त्या 'बरं'ची नव्हती केली.

घरातून सत्यभामाकाकूनं चहा टाकू का म्हणून विचारलं. व्यंकट म्हणाला, "नगं, आई. त्यांना घाई हाय." मग आमच्याकडं न बघता म्हणाला, "जा तुमी."

घरी आल्यावर शलमोननं हातपाय धुतले आणि जेवायला मागितलं. शुक्रवार होता, पण त्याच्या ध्यानात आलं नाही आणि मी आठवण करून दिली नाही. पिठलं आणि दोन भाकरी खाल्ल्या. मग समोरच्या खोलीत आडवा झाला आणि बघता बघता घोरायला लागला. दीड वर्षात मी त्याला असं झोपलेलं बघितलं नव्हतं. चेहऱ्यावरचा सगळा ताण गेलेला. मला बरं वाटलं. मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी त्याच्या अंगावर चादर घातली, पंखा लावला आणि गिरणी आज बंद म्हणून दाराला फळी लावायला बाहेर आले.

बाहेर व्यंकट उभा होता. कधीचा उभा होता कुणास ठाऊक. उन्हात, डोक्याला काही न बांधता.

"दादा हायत का?"

"झोपलेत," मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

"झोपलेत," तो म्हणाला. मग गिरणीच्या पायरीवर बसला. मी पाणी आणलं. त्यानं तांब्या डाव्या हातात घेतला, पण प्यायला नाही.

"वयनी, दीड वर्स म्या सोताला शिव्या घातल्या," तो म्हणाला. "तारा शॉर्ट केल्या न्हायत, मीच येडा, म्हणून. त्याची सवय पडली हुती बगा. झोप लागत हुती. आता डोळं मिटलं की दादा दिसत्यात. जीपमदी माझं डोस्कं मांडीवर घिऊन रडत हुते ते. ते रडणं खरं हुतं का?"

"खरं होतं, व्यंकट."

"तेच की," तो म्हणाला. "खोटं असतं तर सोपं हुतं."

रस्त्यानं कोणीतरी दळणाचा डबा घेऊन आलं, फळी लावलेली बघून परत गेलं. व्यंकट त्याच्याकडं बघत बसला. नंतर एकदम म्हणाला, "पोलिसात जायचं न्हाय मला. आईलाबी सांगायचं न्हाय, ती मरंल. दादांनी माफी मागितली, मागायलाच पायजे हुती. पण तवापासनं म्या गोठ्यातनं रानात, रानातनं गोठ्यात फिरायलोय. पोरीला घेतली तरी तीच मांडी आठवती." त्याचा तुटका हात उगीचच वर झाला आणि खाली गेला. "वयनी, तुमच्यात माफीचं लई सांगत्यात. भोंग्यावर ऐकलंय म्या कळंबला. माफी कशी मागायची, कुणापुढं मागायची, सगळं ठरल्यालं असंल. पण ज्यानं माफ करायचं त्यानं काय करायचं असतंय? ते कुणी सांगतंय का? मला करायचीय माफी. व्हईना."

माझ्या घरात तीन पंथांची माणसं अख्खी दुपार बसली होती. रक्त, वधस्तंभ, फादर, प्रायश्चित्त, कृपा, सगळं बोलून झालं होतं. ह्या माणसानं काय करायचं, यावर कुणी एक अक्षर काढलं नव्हतं. मीही नव्हतं काढलं. रोजच्या प्रार्थनेत दुसऱ्याला क्षमा करायचं एक वाक्य आहे, ते मी लहानपणापासून घडाघडा म्हणते. आता त्याच्यापुढं ते म्हणायची मला लाज वाटली. दोन्ही हात शाबूत असलेल्या बाईनं ते त्याला कसं ऐकवायचं?

तो माझ्या तोंडाकडं बघत होता, खरंच काहीतरी उत्तर असेल म्हणून. आतून घोरणं ऐकू येत होतं. त्यालाही येत असणार.

मी आत गेले. शलमोन कुशीवर वळून, गालाखाली हात घेऊन झोपला होता. मला त्याची दया आली, पण मी त्याच्या अंगावरची चादर ओढली आणि खांदा धरून हलवला. एकदा हलवून उठला नाही, तेव्हा जोरात हलवला.

त्यानं डोळे उघडले. "काय झालं?"

"व्यंकट आलाय."

तो ताडकन उठून बसला. "काय म्हणायलाय?"

"झोप येईना म्हणतोय," मी म्हटलं. "आता तुम्ही त्याच्यापाशी जागं बसा."